पहिल्या वर्षाचे बीजगणित कोणासाठी?

दरवर्षी पहिल्या वर्षाच्या वाणिज्य शाखेचा वर्ग सुरू झाला की पहिल्याच तासाला मी फळ्यावर एक ओळ लिहितो : ९ + ६ = □ + ७. चौकटीत कोणती संख्या येईल, एवढाच प्रश्न असतो आणि उत्तर कागदाच्या चिठोऱ्यावर, नाव न घालता, लिहून द्यायचे असते. तालुक्याच्या ठिकाणच्या एका महाविद्यालयात गेली अठरा वर्षे मी गणित शिकवतो आहे आणि या अठरा वर्षांत असा एकही वर्ग मला मिळालेला नाही, की ज्याच्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात, ८ च्या जागी, १५ हे उत्तर नव्हते. काही चिठ्ठ्यांवर २२ असते, म्हणजे दिसल्या तेवढ्या सगळ्या संख्या मिळवून टाकलेल्या असतात. बेरीज कोणाचीच चुकलेली नसते. ही मुले बारावी उत्तीर्ण असतात, दहावीला एकसामयिक समीकरणे सोडवून त्यांनी गुण मिळवलेले असतात, आणि तरीही बरोबरचे चिन्ह म्हणजे 'आता उत्तर लिहा' अशी सूचना आहे, असा त्यांचा समज असतो. डाव्या बाजूचे आणि उजव्या बाजूचे मोल सारखे आहे असे ते चिन्ह सांगते, हे त्यांना कोणी थांबून सांगितलेले नसते, किंवा सांगितले तेव्हा पुढचा धडा उरकायची घाई असते.

आपल्याकडे गणिताची सार्वजनिक चर्चा दहावीच्या निकालापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. २०२४ साली राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यातील एका तरतुदीवरून बराच वाद झाला. गणित किंवा विज्ञान या विषयांत ३५ गुण न मिळालेल्या, परंतु किमान २० गुण मिळालेल्या विद्यार्थ्याला अकरावीत जाता यावे, मात्र गणित-विज्ञानावर आधारित पुढील शिक्षण त्याला घेता येणार नाही असा शेरा त्याच्या प्रमाणपत्रावर असावा, अशी ती तरतूद होती. दर्जा घसरला अशी ओरड एका बाजूने झाली. एका विषयापायी मुलांचे वर्ष वाया जाऊ नये, असे दुसऱ्या बाजूने सांगितले गेले. दुसरे म्हणणे मला मान्य आहे. पस्तीसचा उंबरठा ओलांडता आला नाही म्हणून सोळा वर्षांच्या मुलीचे शिक्षण थांबते आणि घरात तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात, हे ज्यांनी गावात राहून पाहिले आहे त्यांना ते मान्य व्हावेच. माझा आक्षेप आहे तो शेऱ्याला. सोळाव्या वर्षी एका परीक्षेत जे जमले नाही ते पुढे कधीच जमणार नाही, असे शासनाने लेखी सांगण्याचा हा प्रकार आहे. त्याच्या तीन वर्षे आधी, २०२१ च्या मार्चमध्ये, अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने नेमकी उलट भूमिका घेतली होती : अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी बारावीचे गणित आणि भौतिकशास्त्र सक्तीचे असू नये आणि राहिलेली उणीव विद्यापीठांनी सेतू अभ्यासक्रमातून भरून काढावी. एका ठिकाणी दार कायमचे बंद, दुसऱ्या ठिकाणी दार सताड उघडे; दारापर्यंत नेणाऱ्या पायऱ्यांची काळजी मात्र दोन्हीकडे दिसत नाही.

माझे म्हणणे असे आहे की महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात प्राथमिक बीजगणिताचा एक पूर्ण विषय असला पाहिजे, तो कला आणि वाणिज्य शाखेच्या कोणत्याही विद्यार्थ्याला निवडता आला पाहिजे, त्याला श्रेयांक (क्रेडिट) असले पाहिजेत आणि तो मराठीतून शिकवला गेला पाहिजे. जूनमध्ये आठ दिवसांत उरकलेला सेतू अभ्यासक्रम म्हणजे असा विषय नव्हे. शाळेत ज्याचे बीजगणित सुटले त्याला अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी, थोडी समज आणि बरीचशी गरज आल्यानंतर, ते पुन्हा हातात घेता यावे यासाठी तो हवा. चौदाव्या वर्षी न कळलेली गोष्ट अठराव्या वर्षी कळते, याला बुद्धी वाढल्याचे कारण द्यावे लागत नाही. अठराव्या वर्षी मुलाच्या हातात पगार, हप्ता, बिल, व्याज यांपैकी काहीतरी आलेले असते, आणि ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला खरोखर हवे आहे असा प्रश्न त्याच्यापाशी असतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक विद्यार्थिनी होती. सकाळी महाविद्यालय आणि दुपारी एका कर सल्लागाराच्या कार्यालयात नोंदी करण्याचे काम, असा तिचा दिवस असे. एकदा ती एक बिल घेऊन आली. वस्तूची किंमत १८ टक्के जीएसटी धरून ५९० रुपये होती आणि मूळ किंमत काढायची होती. तिने ५९० चे १८ टक्के काढले, ते १०६ रुपये २० पैसे आले, ते वजा केले आणि ४८३ रुपये ८० पैसे हे उत्तर वहीत लिहिले. संगणकावरील टॅली मात्र ५०० दाखवत होते. "सर, टॅली चुकतंय की मी चुकतेय?" असे तिने विचारले, आणि तो प्रश्न मला फार मोलाचा वाटला, कारण यंत्राच्या उत्तराशी आपले उत्तर ताडून पाहावे असे तिला वाटले होते. मी तिला विचारले की कर कशावर लागला आहे. ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, मूळ किमतीवर. ती किती आहे? माहीत नाही. मग जी माहीत नाही तिला एक नाव देऊ आणि तिच्याविषयी जे माहीत आहे ते लिहू : क्ष अधिक क्ष चे १८ टक्के बरोबर ५९०, म्हणजे १.१८ क्ष = ५९०, म्हणजे क्ष = ५००. यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की जीएसटी तिने दहावीच्या बीजगणिताच्या पुस्तकात, अर्थनियोजनाच्या प्रकरणात शिकला होता आणि समीकरणेही त्याच पुस्तकात काही पाने आधी शिकली होती. एकाच पुस्तकातल्या त्या दोन प्रकरणांची तिच्या मनात तोवर गाठ पडली नव्हती.

न कळलेल्या गोष्टीला नाव द्यायचे, ती कळली आहे असे समजून तिच्याशी व्यवहार करायचा आणि त्या व्यवहारातूनच तिला प्रकट व्हायला लावायचे, ही बीजगणिताची मूळ रीत आहे. अंकगणित माहीत असलेल्याकडून माहीत नसलेल्याकडे पायरीपायरीने जाते. बीजगणित अज्ञाताला पहिल्यापासूनच हिशेबात बसवून घेते. विचाराची एवढी मोठी उडी आठवी-नववीच्या मुलाकडून आपण काही आठवड्यांत करून घेऊ पाहतो, आणि ती साधत नाही असे दिसले की तिच्या जागी युक्त्या देतो.

त्यांतली सर्वांत पसरलेली युक्ती म्हणजे 'पलीकडे गेले की चिन्ह बदलते'. ३क्ष + ५ = २० हे समीकरण घ्या. पाच पलीकडे नेले की वजा पाच होतात, म्हणून ३क्ष = १५. इथवर सगळे ठीक चालते. आता तीन पलीकडे न्यायचे आहेत. चिन्ह बदलायचे, म्हणून क्ष = १५ − ३ = १२, असे लिहिणारी मुले मला दरवर्षी भेटतात. ती निष्काळजी नसतात. सांगितलेला नियम त्यांनी प्रामाणिकपणे पाळलेला असतो. नियमच अर्धवट सांगितलेला असतो. क्ष च्या जागी १२ ठेवून पाहिले तर डावी बाजू ४१ होते आणि चूक तिथल्या तिथे उघडी पडते, पण ताळा पाहण्याची सवयच राहिलेली नाही. आमच्या आजोबांच्या पिढीत गुणाकार केला तरी ताळा पाहिल्याशिवाय पाटी पुसत नसत. आज उत्तराच्या खाली दोन रेघा मारल्या की उदाहरण संपते, कारण ताळ्याला गुण नाहीत.

मी वर्गात भाजीवाल्याकडचा एक जुना तराजू नेतो. एका पारड्यात तीन सारख्या पुड्या आणि पाच सुटी वजने, दुसऱ्या पारड्यात वीस वजने. दोन्हीकडून पाच-पाच काढा म्हटले की कोणाला काही समजावून सांगावे लागत नाही. राहिलेली पंधरा वजने तीन पुड्यांना सारखी वाटायची, हेही मुले आपणहून करतात, आणि 'पलीकडे गेले' या शब्दांत काय लपलेले होते ते तेव्हा त्यांच्या ध्यानात येते : काहीही कुठे गेलेले नसते, दोन्ही बाजूंना एकच गोष्ट केलेली असते. तराजूलाही मर्यादा आहे. ऋण संख्या पारड्यात ठेवता येत नाही, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तो बाजूला ठेवावा लागतो आणि संख्यारेषेकडे वळावे लागते. ही दोन-तीन आठवड्यांची सवड शाळेच्या वेळापत्रकात साठ-सत्तर मुलांच्या वर्गाला मिळणे कठीण असते, आणि शाळेतल्या शिक्षकांना दोष देण्याचा माझा हेतू नाही.

'कला शाखेच्या मुलाला क्ष आणि य यांचा आयुष्यात काय उपयोग?' हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. त्याची सर्वांत गंभीर चर्चा अमेरिकेत झाली आहे. तिथे 'कॉलेज अल्जेब्रा' या नावाचाच विषय पहिल्या वर्षी असतो, आणि शाखा कोणतीही असली तरी अनेक महाविद्यालयांत पदवीच्या वाटेवर तो वर्षानुवर्षे उभा राहिला. प्रवेशाच्या वेळच्या चाचणीत जे कमी पडत, त्यांना त्याआधी एक, दोन, कधी तीन पूर्वतयारीचे विषय पार करावे लागत. त्यांची फी भरावी लागे, पण पदवीसाठी त्यांचे श्रेयांक धरले जात नसत. या साखळीच्या प्रत्येक कडीपाशी मुले गळत गेली. २०१२ साली अँड्र्यू हॅकर या राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहून बीजगणिताची सक्ती हवीच कशाला, असे उघड विचारले. त्यानंतर न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीतील तीन महाविद्यालयांत एक प्रयोग झाला. प्राथमिक बीजगणिताची पूर्वतयारी करावी लागणाऱ्या सुमारे नऊशे विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. पहिल्या गटाने बीजगणित घेतले, दुसऱ्याने बीजगणितासोबत आठवड्याला एक सरावसत्र घेतले, आणि तिसऱ्या गटाला पूर्वतयारी न करताच थेट संख्याशास्त्राचा महाविद्यालयीन विषय दिला, त्यालाही तसेच सरावसत्र जोडून. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उत्तीर्ण होण्याचे प्रमाण अनुक्रमे ३९, ४५ आणि ५६ टक्के होते.

हे आकडे माझ्या म्हणण्याला सहज अनुकूल नाहीत, आणि म्हणूनच ते मी इथे दिले आहेत. ज्याच्या पुढच्या अभ्यासात बीजगणित लागणारच नाही, त्याला पदवीसाठी त्याची सक्ती करू नये, हा त्यांचा अर्थ मला मान्य आहे. मी सक्ती मागत नाही. मात्र या प्रयोगात घेतलेले विद्यार्थी बीजगणित न लागणाऱ्या शाखांकडे जाऊ इच्छिणारेच होते, ही गोष्ट विसरून चालणार नाही. कॅलिफोर्नियाने २०१७ साली कायदा करून सामुदायिक महाविद्यालयांना सांगितले की विद्यार्थ्याला पूर्वतयारीच्या साखळीत अडकवू नका, त्याचे शाळेतले गुण पाहा, एका वर्षाच्या आत पदवीच्या पातळीचे गणित पूर्ण होण्याची शक्यता अधिकाधिक कशी राहील ते पाहा. त्यातून मुख्य विषयाच्या जोडीला, त्याच सत्रात, जादा मदतीचे तास देण्याची पद्धत तिथे रुजली. मला यातून दिसते ते असे की मुलांना तोडले ते श्रेयांकाविना, शेवट न दिसणाऱ्या ताटकळण्याने. बीजगणिताच्या माथी त्यातला थोडाच दोष येतो.

या चित्राची दुसरी बाजूही त्याच कॅलिफोर्नियात दिसते. सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एका कार्यगटाने नोव्हेंबर २०२५ मध्ये अहवाल दिला, त्यात असे नोंदवले आहे की माध्यमिक शाळेच्या पातळीपेक्षा कमी गणित येणाऱ्या नवागत विद्यार्थ्यांची संख्या २०२० ते २०२५ या पाच वर्षांत जवळजवळ तीस पटींनी वाढली. हे विद्यापीठ नावाजलेले आहे, तिथे प्रवेश मिळवणाऱ्यांचे शाळेतले गुण चांगले असतात. गुणपत्रिका आणि समज यांच्यात एवढे अंतर पडू शकते, हे ज्यांना दूरचे वाटत असेल त्यांनी आपल्याकडच्या कोणत्याही पहिल्या वर्षाच्या वर्गात चौकटीचा तो प्रश्न एकदा घालून पाहावा.

उपयोगाच्या प्रश्नाकडे पुन्हा येतो, कारण आपल्या अभ्यासक्रमांत बीजगणित कुठे लपलेले असते याची पुरेशी दखल घेतली जात नाही. कला शाखेत अर्थशास्त्र घेतलेला विद्यार्थी केन्सचा गुणक शिकतो, म्हणजे गुंतवणूक वाढली की राष्ट्रीय उत्पन्न तिच्या किती पट वाढते ते. मराठी पुस्तकात त्याचे सूत्र दिलेले असते : गुणक म्हणजे एक भागिले, एकातून सीमांत उपभोग प्रवृत्ती (वाढलेल्या उत्पन्नातला खर्च होणारा हिस्सा) वजा करून येणारी संख्या. मुले ते पाठ करतात आणि प्रवृत्ती ०.८ असेल तर गुणक ५, असे लिहून गुण मिळवतात. हे पाच आले कुठून? राष्ट्रीय उत्पन्न म्हणजे उपभोग अधिक गुंतवणूक. उपभोग उत्पन्नाच्या ०.८ पट आहे, म्हणजे उत्पन्नाचा उरलेला ०.२ भाग गुंतवणुकीइतका असला पाहिजे, म्हणजे उत्पन्न गुंतवणुकीच्या पाचपट असले पाहिजे. नववीच्या पातळीच्या दोन ओळींत सगळा सिद्धान्त उलगडतो. ज्याला या दोन ओळी लिहिता येतात तो पुढे विचारू शकतो की आयात धरली तर काय होईल, कर धरला तर काय होईल. ज्याला येत नाहीत त्याच्यासाठी अर्थशास्त्र हे सूत्रांचे पाठांतर होऊन बसते. मानसशास्त्र आणि भूगोल यांच्या विद्यार्थ्यांना सहसंबंध आणि समाश्रयण रेषा (रिग्रेशन लाइन) लागते, तिथेही हेच. बीजगणित टाळून संख्याशास्त्राकडे जाण्याची वाट आहे हे खरे, पण रेषेचा चढ म्हणजे काय हे न कळता त्या वाटेने फार लांब जाता येत नाही, आणि वाणिज्य शाखेत तर व्यवसाय गणिताच्या रूपाने पहिल्या वर्षीच गाठ पडते. अकरावी-बारावीत गणित न घेतलेल्या मुलांची 'केटी' बहुधा याच विषयात लागते.

अमेरिकेतच या प्रश्नाला वेगळ्या बाजूने भिडलेला एक माणूस मला फार जवळचा वाटतो. बॉब मोझेस हे १९६० च्या दशकात मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांची मतदार म्हणून नोंदणी व्हावी यासाठी जिवावर उदार होऊन काम करत होते. १९८२ साली त्यांनी 'अल्जेब्रा प्रोजेक्ट' सुरू केला. ज्याला बीजगणित येत नाही तो नव्या अर्थव्यवस्थेत तसाच बाहेर राहील, जसा मत नसलेला माणूस लोकशाहीत बाहेर राहिला, अशी त्यांची धारणा होती, आणि २०२१ मध्ये निधन होईपर्यंत ते या कामात राहिले. त्यांच्या शिकवण्याची रीत माझ्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मुलांना ते भुयारी रेल्वेने प्रवासाला नेत. मग मुलांनी त्या प्रवासाचे चित्र काढायचे, आपल्या घरच्या बोलीत त्याविषयी बोलायचे, त्यानंतर त्या बोलण्यातून नेमकी विधाने वेचायची आणि सर्वांत शेवटी चिन्हे. पुढचे स्थानक, मागचे स्थानक, यांतून धन आणि ऋण संख्या उभ्या राहत. आमच्याकडे भुयारी रेल्वे नाही, पण तालुक्याहून जिल्ह्याला जाणारी एसटी आहे, तिचे थांबे मुलांना तोंडपाठ आहेत, आणि आपल्या गावचा थांबा शून्य धरला की ऋण तीन म्हणजे काय हे कोणालाही सांगता येते.

बोलीतून चिन्हांकडे जाण्याची ही वाट आपल्या महाविद्यालयांत मध्येच तोडली जाते. मराठी माध्यमाच्या मुलाने शाळेत चल, सहगुणक, निश्चयक, अवयव हे शब्द शिकलेले असतात. महाविद्यालयात आल्यावर व्हेरिएबल, कोइफिशंट, डिटर्मिनंट, फॅक्टर हे शब्द कानावर पडतात आणि दोन्हींची सांगड कोणीच घालून देत नाही. मागे एक मुलगा मला म्हणाला होता, "डिटर्मिनंट आम्हाला नव्हतं." निश्चयक होता का, असे विचारल्यावर त्याने फळ्यावर क्रेमरच्या पद्धतीने समीकरणे सोडवून दाखवली. जे त्याला येत होते ते आपल्याला येत नाही असे धरून तो दोन महिने मागच्या बाकावर बसला होता.

परिभाषेच्या या गोंधळात एका गोष्टीची आठवण मला नेहमी होते. भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी लिहिला. त्याच्या बीजगणिताच्या भागात पहिल्या अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हटले आहे, म्हणजे 'जेवढी असेल तेवढी'. त्यापुढच्या अज्ञात राशींना रंगांची नावे दिली आहेत : कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना त्यांची पहिली अक्षरे घ्यायची, या, का, नी, असे. आणि एका अज्ञाताचे समीकरण ते एकवर्ण, अनेक अज्ञातांचे ते अनेकवर्ण. वर्गात मी हे सांगतो तेव्हा 'जेवढी असेल तेवढी' या शब्दांपाशी मुलांचे चेहरे मोकळे होतात, कारण क्ष म्हणजे काय याचे इतके सरळ उत्तर त्यांना आधी मिळालेले नसते. चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखात अशी नोंद आहे की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापन केला होता. आठशे वर्षांपूर्वी खानदेशात बीजगणित शिकवण्याची व्यवस्था होती. या गोष्टीचा अभिमान आपण भाषणांतून पुष्कळ मिरवतो, पण त्याच परिसरातल्या आजच्या पदवीच्या विद्यार्थ्याला बीजगणित पुन्हा शिकायचे असेल तर त्याला ते कोणत्या वर्गात शिकता येईल, याचे उत्तर आपल्यापाशी असायला हवे.

नव्या रचनेत त्यासाठी जागाही आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून जी श्रेयांक रचना आली, तिच्यात पदवीच्या पहिल्या दोन वर्षांत मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचे खुले ऐच्छिक विषय घ्यावे लागतात आणि त्यांना एकूण दहा ते बारा श्रेयांक असतात. ही तरतूद ज्या हेतूने केली त्याला प्राथमिक बीजगणित पुरेपूर उतरते. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी या खान्यात भराभर गुण देणारे आणि शिकवायला कमीत कमी त्रासाचे विषय भरले जातात. मुलेही तेच निवडतात, आणि गणिताचे नाव दिसले की पळतात; शाळेने दिलेली भीती घेऊन आलेल्या मुलाने दुसरे काय करावे? म्हणून विषय नुसता यादीत असून भागणार नाही, प्रवेशाच्या वेळी कोणीतरी समोर बसून त्याला सांगायला हवे की हा विषय तुझ्यासाठीच बेतला आहे आणि यात शाळेची फेरपरीक्षा नाही.

बेतायचा म्हणजे काय, तर मुख्यतः काढून टाकायचे. चार श्रेयांक म्हणजे साठ तास, हवे तर दोन सत्रांत विभागून. त्यांत अपूर्णांक, गुणोत्तर आणि ऋण संख्या यांना पहिले पंधरा तास निःसंकोच द्यावेत. महाविद्यालयात हे शिकवायचे का, म्हणून नाक मुरडू नये. एका चलातील समीकरण, शब्दांतून समीकरण मांडणे, आलेख वाचणे, टक्केवारी आणि व्याज, दोन चलांची समीकरणे, आणि वेळ उरला तर वर्गसमीकरण, एवढ्यावर थांबावे. तीन चलांची समीकरणे, गुंतागुंतीचे अवयव, लांबलचक सरळरूपे यांना हात लावू नये. सर्वांत अधिक वेळ शब्दांतून समीकरण मांडण्याला द्यावा, कारण समीकरण सोडवून देणारी साधने आता प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आहेत, पण काय सोडवायचे हे माणसालाच ठरवावे लागते. परीक्षेत प्रत्येक उदाहरणाला ताळ्याचे वेगळे गुण असावेत आणि प्रश्नपत्रिकेत एक-दोन चुकीची उत्तरे सोडवून दाखवून 'चूक कुठे झाली ते लिहा' असे विचारावे. 'अपेक्षित'ची पुस्तके छापणाऱ्यांना असे प्रश्न आधी हेरता येत नाहीत, आणि पाठांतराला इथे फारसा वाव उरत नाही.

शिकवणार कोण, हा प्रश्न रास्त आहे. पुष्कळ महाविद्यालयांत विज्ञान शाखेच्या गणिताकडे मुले कमी होत चालली आहेत, कार्यभार पुरत नाही म्हणून जागा भरल्या जात नाहीत आणि तासिका तत्त्वावर येणारे तरुण अध्यापक एका दिवसात दोन-तीन महाविद्यालयांच्या वाऱ्या करतात. कला आणि वाणिज्य शाखेची मुले बीजगणिताकडे वळली तर हाच कार्यभार उभा राहील, आणि तोही अशा वर्गांत, जिथे शिकवण्याची सर्वाधिक गरज आहे. मात्र हे तास नव्याने भरती झालेल्या अननुभवी अध्यापकाच्या गळ्यात मारू नयेत. बरोबरच्या चिन्हापाशी अडलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला, त्याचा अपमान न करता, पुन्हा शिकवणे हे पदव्युत्तर वर्गावर व्याख्यान देण्यापेक्षा अवघड काम आहे आणि विभागातल्या सर्वांत जाणत्या शिक्षकाने ते घ्यावे.

शेवटची बाब वेळेची. कच्च्या मुलांसाठी जादा तास घ्या, असा सल्ला बैठकांतून नेहमी दिला जातो. आम्ही तो करून पाहिला आहे. महाविद्यालय सुटल्यावर घेतलेल्या तासाला पहिल्या दिवशी चाळीस मुले होती, तिसऱ्या आठवड्यात सात उरली आणि त्यांत एकच मुलगी होती. कारण विचारले तेव्हा कळले की सव्वा वाजताची एसटी गेली की पुढची साडेचारला आहे, आणि तीन तास स्टँडवर बसून राहिलेल्या मुलीला घरी उत्तरे द्यावी लागतात. जी मुले थांबली ती सगळी गावातच राहणारी होती. ज्यांना या विषयाची खरी गरज आहे ती मुले वेळापत्रकाच्या बाहेर पोहोचू शकत नाहीत. तास साडेसात ते एकच्या आत, इतर विषयांच्या रांगेत, हजेरीसह लागला तरच त्या मुली वर्गात बसलेल्या दिसतील.